छप्पन्न कुप्यांचा पडदा

"डावीकडे! अरे, डावीकडे सरकव! तुझ्या डावीकडे, माझ्या नाही!"

"आपण दोघं एकाच दिशेला तोंड करून उभे आहोत. तुझं डावं आणि माझं डावं एकच आहे," स्टुलावर चढलेला मोजपट्टी म्हणाला.

खालून हुकूम सोडणाऱ्या टिपणने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग तोऱ्यात म्हणाली, "तेच तर म्हणतेय मी! डावीकडे!"

स्टूल धरून बसलेला भुंगा खो खो हसत सुटला. स्टूल डुगडुगलं, मोजपट्टी किंचाळला आणि त्याच्या हातातला पडदा किणकिण वाजला.

"पडला तर तुम्हा तिघांशी कट्टी! जन्मभर!" पिटुकलीने कमरेवर हात ठेवून जाहीर केलं.

ही चार चुलत भावंडं दर सुट्टीत आत्याकडे यायची. टिपण तेरा वर्षांची. कुणी नुसतं शिंकलं तरी तिच्या वहीत वेळेसकट नोंद व्हायची. मोजपट्टी बारा वर्षांचा. जिन्याच्या पायऱ्या, खिडकीचे गज, आत्याच्या जांभया, त्याने काही म्हणून मोजायचं सोडलं नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ भुंगा दिवसभर गुणगुणायचा. गुणगुणणं थांबलं तर तो काहीतरी खातोय असं समजायचं. आणि टिपणची धाकटी बहीण पिटुकली आठ वर्षांची, पण चौघांत शेवटचा शब्द तिचाच. त्यांना कुणी खऱ्या नावाने हाक मारली, तर ती मागे वळून बघायची, की बुवा बोलावलं कुणाला!

आत्ता ती शेजारच्या गाण्याच्या बाईंच्या दारात पडदा लावत होती. बाईंनी गावातल्या शाळेत चाळीस वर्षं गाणं शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर पूर्ण गेली. तेव्हापासून त्यांची एकच तक्रार असायची : "माणसं मांजरासारखी येतात गं घरात! एकदम कानाशी बोलतात आणि मी दचकते!"

त्यावर चौघांनी हा उपाय काढला होता. बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या कुप्या, एका दोरीत सात, अशा आठ दोऱ्या. कुणीही आत शिरलं की किणकिणाट झालाच पाहिजे! मोजपट्टीने प्रत्येक ओळीत पाण्याची वेगळी उंची ठेवली होती आणि भुंग्याने चमच्याने वाजवून वाजवून सात ओळींचे सात सूर जमवले होते. पाणी रंगीत करायचा हट्ट पिटुकलीचा. बाईंना रंग दिसत नाहीत हे तिला सांगून झालं, तर ती म्हणाली, "पण पाण्याला तर कळतं ना, आपण कुठल्या रंगाचे आहोत ते!"

"झालं! बाई, या आता!" भुंगा ओरडला.

बाई भिंतीला हात लावत आल्या. त्यांनी बोटं पडद्यावरून अलगद फिरवली. किण, किण, किण. त्यांचा सुरकुतलेला चेहरा उजळला.

"अगं बाई! चौथी ओळ थोडी उतरलीये, पण बाकी अगदी सुरात आहे! कुणी लावली?"

"मी!" भुंग्याची छाती फुगली. "आणि चौथी ओळ मोजपट्टीने बिघडवली!"

"शनिवारची भेट आजच दिलीत होय रे?" बाई हसल्या.

शनिवारी बाई ऐंशी वर्षांच्या होणार होत्या. त्या दिवशी आत्याच्या प्रयोगशाळेच्या सभागृहात त्यांच्या चाळीस वर्षांच्या वर्गांची गाणी वाजणार होती. दर वर्षी प्रत्येक वर्ग बाईंनी टेपवर उतरवून ठेवला होता. पुढे त्या टेपांना बुरशी लागली. आत्याने त्या शेवटचं एकदा वाजवून संगणकावर घेतल्या, तेव्हा पट्ट्यांचे अक्षरशः तुकडे पडत होते.

"मला माझ्या पोरांचे चेहरे आता आठवत नाहीत," बाई पडद्याशी खेळत म्हणाल्या. "आवाज मात्र आठवतात. एकेकाचा आवाज ऐकला की ते पोर समोर उभं राहतं. शनिवारी सगळी भेटतील बघा मला."

ही गोष्ट बुधवारची. गुरुवारी सकाळी दहा वाजता आत्या घरी आली आणि दारातल्या चपलांच्या कपाटावरच मटकन बसली.

"दहा वाजून चार मिनिटं. आत्या या वेळी कधीच येत नाही," टिपण वहीत लिहिता लिहिता पुटपुटली. मग तिचं आत्याच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि तिने वही मिटली.

"आत्या, काय झालं गं?"

"बाईंची गाणी गेली," आत्या म्हणाली. "सगळी."

"गेली म्हणजे? संगणकातून?" मोजपट्टीने विचारलं.

"संगणकातून तर मंगळवारीच गेली. ती गाणी आम्ही डीएनएत लिहिली होती. आठवतंय ना, मागच्या रविवारी मण्यांनी दाखवलं होतं?"

चौघांनाही आठवत होतं. संगणकाला फक्त शून्य आणि एक हे दोनच आकडे कळतात. गाणं असो की चित्र, त्याच्या पोटात नुसती शून्यं आणि एकं. आणि प्रत्येक जिवाच्या शरीरात जो डीएनए असतो, तो चार अक्षरांच्या माळेसारखा असतो : ए, सी, जी आणि टी. मग शून्य-शून्य म्हणजे ए, शून्य-एक म्हणजे सी, एक-शून्य म्हणजे जी आणि एक-एक म्हणजे टी असं ठरवलं, की कुठलंही गाणं या चार अक्षरांत लिहिता येतं. आत्याच्या प्रयोगशाळेतलं यंत्र तशा माळा खरोखरच जोडायचं. कुठल्याही जिवाचा काही संबंध नाही, नुसती रसायनं! लाखो छोट्या छोट्या माळा, प्रत्येकीवर पानाच्या आकड्यासारखा तिचा क्रमांक. थंड आणि कोरड्या जागी ठेवल्या तर शेकडो वर्षं टिकतील अशा. पिटुकलीने त्या दिवशी स्वतःचं नाव मण्यांत ओवून गळ्यात घातलं होतं, ते अजून काढलं नव्हतं.

"गाणी कुपीत सुरक्षित आहेत म्हणून संगणककाकांनी मंगळवारी मूळ फायली पुसून टाकल्या. कामाच्या वहीत 'काम पूर्ण' लिहिलेलं त्यांनी वाचलं, एकदा विचारायचेही कष्ट घेतले नाहीत. आणि आज मी बघते, तर कुपीच जागेवर नाही! नकला काढायच्या आधी मी सोमवारी दुपारी तीन दिवसांसाठी बाहेरगावी गेले, हीच माझी चूक. आता शनिवारी बाईंना काय सांगू मी?"

आत्याचे डोळे भरून आले. आत्याला रडताना त्या चौघांनी कधीच पाहिलं नव्हतं. भुंग्याचं गुणगुणणंसुद्धा थांबलं, आणि तो काही खातही नव्हता!

टिपणने पुन्हा वही उघडली. "आत्या, आम्हाला प्रयोगशाळेत ने. आम्ही शोधतो."

"अगं, दहा माणसांनी सकाळपासून शोधलंय!"

"मोठ्या माणसांनी," पिटुकली म्हणाली. "मोठ्यांना टेबलाखालचं काही दिसत नाही."

प्रयोगशाळा पाच मिनिटांच्या अंतरावर होती. (मोजपट्टीच्या हिशेबाने सहाशे बावीस पावलं.) आत नुसती पळापळ! संगणककाका तोंडात मारल्यासारखा चेहरा करून एका कोपऱ्यात बसले होते. चौघांनी कामं वाटून घेतली. पिटुकली टेबलांखाली शिरली. भुंग्याने तिन्ही फ्रिज तपासायचा विडा उचलला.

"दुसऱ्या फ्रिजमध्ये कुणाचा तरी केक आहे! तोही तपासू का?"

"भुंग्या!"

"बरं बरं, नुसतं विचारलं!"

टिपण आत्याच्या टेबलापाशी उभी राहिली. लाकडी स्टँडला दहा भोकं होती आणि सगळी रिकामी. तिसऱ्या भोकाखाली बारीक अक्षरात चिठ्ठी डकवलेली होती : 'बाईंची गाणी'.

"आत्या, ही चिठ्ठी इथे कशी? कुपीवर कशी नाही?"

"कुपी एवढीशी असते गं, तिच्यावर चिठ्ठी टिकत नाही. आम्ही सगळे स्टँडवरच डकवतो. ज्याचं भोक त्याची चिठ्ठी."

"म्हणजे कुपी स्टँडमधून उचलली, की ती कुणाची आहे ते कळायचं काही साधनच नाही?"

"नाहीच," आत्या म्हणाली. इतकी वर्षं इथे सगळे असंच करत आले होते आणि हा प्रश्न आजवर कुणालाच पडला नव्हता.

तेवढ्यात भांडारसाहेब आले. प्रयोगशाळेतल्या कपाटांच्या किल्ल्या, बाटल्या, कागद, साबण, सगळं यांच्या ताब्यात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला चार पेनं आणि स्वच्छतेचं भारी वेड.

"चोरीच आहे ही!" ते म्हणाले. "माझ्या भांडारातून टाचणी हरवत नाही. सोमवारी मी जातीने सगळी टेबलं लख्ख केली. कुठे एक रिकामी बाटली दिसू दिली नाही! अहो, मीही बाईंचाच विद्यार्थी. शनिवारी पहिल्या रांगेत बसणार होतो मी!"

"काका, सोमवारी या टेबलावर भरलेली कुपी होती का?" टिपणने विचारलं.

"भरलेली एकही नव्हती! माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे. एकेक कुपी उजेडासमोर धरून बघितली मी."

मोजपट्टी इतका वेळ स्टँडची भोकं मोजत होता. त्याने मान वर केली. "आत्या, ती कुपी किती भरलेली होती? अर्धी? पाऊण?"

"भरलेली?" आत्या म्हणाली. "भरलेली कुठली! डीएनए वाळवून ठेवतात. चाळीस वर्षांची गाणी मिळून मिठाच्या कणाएवढीसुद्धा नव्हती. काचेच्या तळाला पातळ थर, तोही डोळ्यांना दिसत नाही. बघणाऱ्याला ती कुपी अगदी रिकामीच—"

आत्या बोलता बोलता थांबली. भांडारसाहेबांचा हात हळूच खिशातल्या पेनांवर गेला.

"काका," टिपणने एकेक शब्द सावकाश उच्चारला, "तुम्ही सोमवारी उचललेल्या रिकाम्या कुप्यांचं काय केलंत?"

"टाकल्या नाहीत हं! मी काही वाया घालवत नाही. संध्याकाळी डबा न्यायला आली होती ना एक मुलगी, आत्याचा रिकामा डबा... तिला कलाकुसरीला दिल्या पिशवीभर..."

सगळ्यांच्या माना एकदम टेबलाखाली वळल्या. तिथून पिटुकलीचं डोकं बाहेर आलं. तिचे डोळे बशीएवढे झाले होते.

"छप्पन्न होत्या," मोजपट्टी अगदी बारीक आवाजात म्हणाला. "मी मोजल्या होत्या. सात आठे छप्पन्न, एकही उरली नाही, म्हणून मी नाचलो होतो."

चोर शोधायला निघालेली टोळी चोरांच्या घरीच येऊन पोचली होती, आणि ते घर त्यांचंच होतं!

"मी त्यात पाणी भरलं!" पिटुकलीने भोकाड पसरलं. "मी बाईंची गाणी बुडवली!"

आत्याने तिला टेबलाखालून ओढून उचलून घेतलं. "थांब, थांब! रडू नकोस. नीट आठवून सांग. पाणी कुठलं? नळाचं?"

"नाही," हुंदके देत पिटुकली म्हणाली. "तू म्हणतेस ना, उकळलेलंच प्यायचं, नळाला तोंड लावायचं नाही. मला वाटलं कुप्यांनाही उकळलेलंच लागेल."

"शाबास! आणि रंग? चित्रकलेचा?"

"स्वयंपाकघरातला. केकवर घालतो तो."

आत्याने तिचा असा काही पापा घेतला, की पिटुकली रडायचंच विसरली! "अगं वेडे, डीएनए पाण्यात बुडत नाही, विरघळतो. साखरेसारखा. गोडी जाते का? ती त्या पाण्यातच असते! उकळलेल्या पाण्यात तीन दिवसांत त्याला फारसं काही होणार नाही. चला, पळा!"

बाईंच्या दारापर्यंतची सहाशे पासष्ट पावलं मोजायचं मोजपट्टी त्या दिवशी विसरला. सगळ्यात पुढे भांडारसाहेब धावत होते आणि त्यांच्या खिशातली पेनं रस्ताभर सांडत होती.

पडदा किणकिणला. "अगं, किती जण आलात!" आतून बाई म्हणाल्या.

खरं सांगायचं की काहीतरी थाप मारायची? टिपणने भांडारसाहेबांकडे पाहिलं. ते चपलेच्या टोकाकडे बघत होते. मग तिनेच बाईंचा हात धरला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. स्वतःचं, पिटुकलीचं, काहीच लपवलं नाही. फक्त भांडारसाहेबांचं नाव घेतलं नाही.

"रिकाम्या म्हणून मीच दिल्या होत्या बाई," भांडारसाहेब एकदम म्हणाले. "चूक माझी आहे. पोरांची नाही."

बाईंनी खुर्चीचा हात चाचपला. मग उठून दारापाशी आल्या आणि त्यांनी पडद्यावर हात ठेवला.

"म्हणजे कालपासून येता-जाता मी माझ्या पोरांच्याच अंगावरून हात फिरवतेय?" त्यांनी विचारलं. "न्या. न्या लवकर. पण परत आणा हं."

"ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने काढा! मी प्रत्येकीवर आकडा घालतो," मोजपट्टी म्हणाला. पहिली दोरी पहिली ओळ, पहिली दोरी दुसरी ओळ... भांडारसाहेबांनी उरलेलं एकुलतं एक पेन त्याला दिलं.

प्रयोगशाळेत पोचल्यावर आत्याने एक इवलीशी बाटली उजेडात धरली. "ही किल्ली. म्हणजे डीएनएचाच एक छोटा तुकडा. तो फक्त बाईंच्या गाण्यांच्या माळांनाच चिकटतो, दुसऱ्या कशाला नाही. चिकटला, की यंत्र त्या माळेच्या नकलांवर नकला काढतं आणि थेंब हिरवा चमकायला लागतो."

"मग छप्पन्न थेंब घालूया!" भुंगा म्हणाला.

"किल्ली सोळाच चाचण्यांपुरती उरली आहे. नवी यायला पंधरा दिवस. परवा शनिवार."

"मग सोळा कुप्या बघू. लागली तर लागली!" संगणककाका म्हणाले.

"आणि ती उरलेल्या चाळिसात असली तर?" टिपण फिस्कारली. "काका, तुम्ही प्लीज कशालाही हात लावू नका!"

मोजपट्टी कुप्यांच्या मांडणीकडे टक लावून बघत होता. टेबलावर त्या पडद्यासारख्याच ठेवलेल्या होत्या, आठ दोऱ्या, सात ओळी. त्याची बोटं हवेत उभी आडवी फिरत होती.

"आत्या, दोन कुप्यांचे थेंब एकत्र केले तर चालतं? एकीत गाणी असली, तर मिसळलेला थेंबही चमकेल?"

"चमकेल की. का रे?"

"मग सात कुप्यांचे?"

"तरीही चमकेल."

"मग पहिल्या दोरीतल्या सातही कुप्यांचा एकेक थेंब एकत्र करू. ती झाली एक चाचणी. अशा आठ दोऱ्यांच्या आठ! मग पहिल्या आडव्या ओळीतल्या आठ कुप्यांचा एकेक थेंब एकत्र. अशा सात ओळींच्या सात. आठ आणि सात पंधरा! जी दोरी चमकेल आणि जी ओळ चमकेल, ती दोन्ही जिथे एकमेकांना कापतात तिथे बाईंची गाणी!"

आत्या नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

"पंधरा वर्षं मी हे काम करतेय," शेवटी ती म्हणाली, "आणि मी इथे उभी राहून सोळा कुप्या कुठल्या निवडाव्यात याचा विचार करत होते!"

"एक चाचणी उरते," भुंगा म्हणाला. "त्यात केक तपासूया?"

"त्यात साधं पाणी घालूया," टिपण म्हणाली. "रंग आणि उकळलेलं पाणी, पण कुपी नवी. तेही चमकलं, तर यंत्र खोटं बोलतंय असं समजायचं."

"तू उद्यापासून इथेच नोकरीला ये!" आत्या म्हणाली.

थेंब घालायला दीड तास लागला. कुपीगणिक मोजपट्टी आकडा वाचायचा, टिपण वहीत खूण करायची, आणि प्रत्येक थेंबानंतर नळीचं टोक बदलायचं काम भांडारसाहेबांनी मागून घेतलं होतं. एकही टोक त्यांनी दोनदा वापरू दिलं नाही. स्वच्छतेचं वेड असं एकदाचं कामी आलं!

यंत्र सुरू झालं. त्याच्या छोट्या पडद्यावर सोळा चौकोन, सगळे काळे. अर्धा तास गेला. काळेच. पाऊण तास. काळेच. पिटुकलीने डोळे मिटून घेतले. भुंग्याने नखं खायला सुरुवात केली.

"पाच!" मोजपट्टी किंचाळला. "पाचवी दोरी!"

पाचवा चौकोन अंधूक हिरवा होत होता. मग आडव्या ओळींतला तिसरा चौकोन उजळला. साध्या पाण्याचा मात्र काळाच्या काळा.

"पाचवी दोरी, तिसरी ओळ! सापडली!" भांडारसाहेबांनी संगणककाकांना मिठी मारली.

"थांबा!" टिपण ओरडली. "सहावी ओळपण चमकतेय! हे कसं? कुपी तर एकच होती ना?"

आनंद जागच्या जागी गोठला. सगळे आत्याकडे बघायला लागले आणि आत्या यंत्राकडे.

"पाचवी दोरी नारिंगी आहे," पिटुकलीने एक डोळा उघडून हळूच सांगितलं. "मंगळवारी नारिंगी रंग मला जमतच नव्हता. म्हणून मी लाल या कुपीतून त्या कुपीत ओतला, मग पिवळा त्या कुपीतून या कुपीत. खूप वेळा. तिसऱ्या आणि सहाव्यात."

आत्या खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागली. "म्हणजे हिने नक्कल काढून ठेवली! जे काम मी तीन दिवस पुढे ढकललं, ते या पोरीने मंगळवारीच केलं! बाईंची गाणी आता दोन ठिकाणी आहेत!"

भांडारसाहेबांनी दोन्ही कुप्या ताब्यात घेतल्या आणि जगातली सगळ्यात घट्ट गाठ मारून प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी बांधली.

शुक्रवारचा सगळा दिवस दुसरं यंत्र माळा वाचत होतं : ए, जी, जी, टी, सी... काही माळा खराब झाल्या होत्या, पण प्रत्येक माळेच्या हजारो प्रती असल्याने एकीत फाटलेलं पान दुसरीत सापडत होतं. संगणककाकांनी त्या अक्षरांची पुन्हा शून्यं आणि एकं केली आणि या वेळी चार वेगवेगळ्या ठिकाणी साठवली. चारही ठिकाणं त्यांनी टिपणच्या वहीत लिहून दिली, खाली सहीसकट!

शनिवारी संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं. बाई मधल्या खुर्चीत बसल्या होत्या आणि चौकडी त्यांच्या पायाशी. आत्याने सगळी हकिगत सांगितली. आपली चूकही सांगितली आणि मग म्हणाली, "ही गाणी या चौघांनी परत आणली आहेत. आम्ही बघत होतो, यांनी विचारलं. एवढाच फरक होता." टाळ्या इतक्या वाजल्या, की भुंगा कानापर्यंत लाल झाला आणि मोजपट्टी टाळ्या मोजायचंही विसरला.

मग दिवे मंदावले. खरखर झाली. आणि एकदम, पन्नास वर्षांपूर्वीच्या एका सकाळची तीस मुलं गायला लागली.

बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "ही दाराजवळ बसायची," त्या पुटपुटल्या. "हा सर्दीवाला. ही पुढे डॉक्टर झाली." त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या हसत होत्या. "आली गं, सगळी आली!"

तेवढ्यात गाण्यातून एक आवाज सुटला. मोठा, खणखणीत आणि ठार बेसूर! टेपमधल्या तरुण बाई म्हणाल्या, "शेवटच्या बाकावरचा, जरा हळू. आधी ऐक, मग गा!" आणि पोरगेला आवाज म्हणाला, "ऐकलं बाई! आता गाऊ?"

सभागृह हसलं. पहिल्या रांगेत भांडारसाहेबांनी जोरात नाक ओढलं आणि इस्त्रीच्या बाहीने डोळे पुसले.

"अरे, तूच ना तो?" बाईंनी त्यांच्या दिशेला तोंड वळवलं. "परवा दारात 'चूक माझी' म्हणालास, तेव्हाच तुझा आवाज ओळखला होता मी. ये इकडे. आता गा."

"बाई, मी अजून बेसूरच आहे हो!"

"असू दे रे. मला ऐकायचंय."

भांडारसाहेब उठले, बाईंच्या शेजारी उभे राहिले आणि मोठ्याने, खणखणीत, ठार बेसूर गायले. आख्खं सभागृह त्यांच्याबरोबर गायलं.

रविवारी पडदा पुन्हा बाईंच्या दारात लागला. छप्पन्नच्या छप्पन्न कुप्या. पाचव्या दोरीतल्या तिसऱ्या कुपीत आत्याने गाण्यांच्या नव्या नकलेचा एक थेंब घातला होता आणि तिच्या गळ्यात भांडारसाहेबांच्या हातची चिठ्ठी होती. बाईंना ती वाचता येत नव्हती, पण बोटांना बरोबर सापडायची.

त्या दिवसापासून कुणीही पडद्यातून घाईघाईने आत शिरलं, की बाई खुर्चीतूनच दटावायच्या, "अरे, जरा हळू! वर्ग चालू आहे!"